तीन बोकड, एक पूल आणि नॉर्वेजियन व्याकरण: वाचकांची पत्रं

नॉर्वेजियन भाषेचं प्राथमिक व्याकरण शिकवताना मी पाठ्यपुस्तकाच्या आधी एक लोककथा वाचायला देते, असं गेल्या अंकात लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. काही पत्रांतले प्रश्न इतके नेमके आहेत की आजचं सगळं सदर त्यांनाच दिलं आहे.

ज्यांनी तो लेख वाचला नाही त्यांच्यासाठी आधी कथा सांगते. ब्रूसे नावाचे तीन बोकड उन्हाळ्यात चरून धष्टपुष्ट व्हायला डोंगरावरच्या कुरणाकडे निघतात. वाटेत धबधब्यावर एक पूल आहे आणि पुलाखाली त्रोल, म्हणजे राक्षस. त्याचे डोळे कथलाच्या थाळ्यांएवढे आणि नाक दाताळ्याच्या दांड्याएवढं लांब. धाकटा पुलावर येतो तसा राक्षस ओरडतो, ‘माझ्या पुलावर कोण रे?’ धाकटा म्हणतो, ‘मला नको धरूस, मागून मधला येतोय, तो माझ्याहून मोठा आहे.’ मधलाही तेच सांगून निसटतो. मग थोरला येतो, राक्षसाचा चेंदामेंदा करतो आणि त्याला धबधब्यात लोटून देतो. पेटर क्रिस्टेन आस्ब्यर्नसेन आणि यॉर्गेन मू या दोघांनी गोळा केलेल्या लोककथांमध्ये ती आहे. तो संग्रह 1841 ते 1844 या काळात भागाभागाने छापला गेला. नॉर्वेतल्या बहुतेक मुलांना ही कथा माहीत असते.

नॉर्वेजियन शब्द मी इथे देवनागरीत, उच्चाराच्या जवळ जाईल असे लिहिते आहे.

प्रश्न: आम्ही स्टावांगरला राहतो. माझी चार वर्षांची मुलगी बालवाडीतून ही कथा ऐकून आली आणि दिवसभर ‘बुक्केन, बुक्केन’ करत असते. माझ्या पुस्तकात मात्र बोकडाला ‘एन बुक्क’ दिलं आहे. हे दोन वेगळे शब्द आहेत का? आणि इंग्रजीतल्या ‘द’ला नॉर्वेजियनमध्ये काय म्हणतात?

उत्तर: शब्द एकच आहे. ‘एन बुक्क’ म्हणजे कुठलातरी एक बोकड आणि ‘बुक्केन’ म्हणजे तो बोकड, ज्याच्याविषयी आपण बोलतो आहोत. यालाच निश्चित रूप म्हणतात. इंग्रजीतला ‘द’ शब्दाच्या आधी सुटा उभा राहतो, नॉर्वेजियनमध्ये तो नामाच्या शेवटी चिकटतो. कथेच्या पहिल्या वाक्यात फक्त ‘त्रे बुक्केर’, तीन बोकड, असतात, कारण त्यांची आपली ओळख झालेली नसते. ओळख झाली की पुढे सगळीकडे ‘बुक्केन’.

माझी विनंती आहे की हे समजून घ्यायला इंग्रजीवरून वळसा घालू नका. नामाच्या शेवटी काहीतरी जोडायची सवय मराठी माणसाला जन्मापासून असते. पुलावर, पुलाखाली, पुलाला असं आपण बोलतोच. नॉर्वेजियनमध्ये जोडलं जाणारं टोक वेगळं काम करतं, एवढाच फरक.

दुसरी जमेची बाजू अशी की या कथेत तिन्ही लिंगं एकेका मुख्य पात्राला वाटून दिल्यासारखी आली आहेत. बोकड पुल्लिंगी: एन बुक्क, बुक्केन. पूल स्त्रीलिंगी: आय ब्रू, ब्रूआ. राक्षस नपुंसकलिंगी: एत त्रोल, त्रोले. शेवटच्या शब्दात लिहिताना अखेरीस ‘त’ असतो, पण तो उच्चारत नाहीत. तुमची मुलगी ‘त्रोले’ म्हणत असेल तर ती अगदी बरोबर म्हणते आहे, तिला सुधारायला जाऊ नका. अनेकवचनात बुक्केर आणि बुक्केने, ब्रूएर आणि ब्रूएने. त्रोल मात्र अनेकवचनातही त्रोलच राहतो आणि निश्चित रूपात त्रोल्लेने होतो. एका अक्षराची, म्हणजे एका स्वराची, बहुतेक नपुंसकलिंगी नामं अशीच वागतात.

माझ्या वर्गात मी तीन रंगांच्या पेन्सिली वाटते. कथा वाचायची आणि प्रत्येक नामाखाली त्याच्या लिंगाच्या रंगाची रेघ ओढायची. तीन लिंगं असतात हे मराठी माणसाला समजवावं लागत नाही. अडचण वेगळीच येते. आपला पूल ‘तो’ असतो, त्यांचा ‘ती’. आपला राक्षस ‘तो’, त्यांचा ‘ते’. म्हणून शब्द पाठ करताना एन, आय, एत यांच्यासकटच पाठ करा. मराठीतलं लिंग तिकडे नेऊ नका.

प्रश्न: बर्गनमध्ये नोकरी करतो. इथले सहकारी पुलाला ‘ब्रूएन’सारखं काहीतरी म्हणतात, ‘ब्रूआ’ म्हणत नाहीत. कथा चुकीची की सहकारी?

उत्तर: दोघंही बरोबर. बर्गनच्या बोलीत पूर्वीपासून स्त्रीलिंग वेगळं नाही, पुल्लिंग आणि स्त्रीलिंग एकत्र झालेली आहेत. त्यामुळे तिथे पूलही ‘एन’चाच. बूकमोल या लेखनपद्धतीत ही दोन्ही रूपं चालतात. तुम्ही बर्गनमध्ये राहता, तर तिथलंच रूप बोला. लिहिताना मात्र एका पानावर एकच रूप ठेवा. आणि स्त्रीलिंग ओळखता येणं सोडू नका, कारण शहराबाहेर पडलात की ‘आ’ कानावर येणारच.

प्रश्न: विद्यापीठात शिकते. ‘तो’ हा अर्थ नामाच्या शेवटी जोडतात हे समजलं. मग ‘देन स्तूरे बुक्केन’मध्ये आधी ‘देन’ आणि शेवटी पुन्हा ‘एन’ कशासाठी? एकदा सांगून भागत नाही का?

उत्तर: डॅनिशमध्ये भागतं. तिथे ‘तो मोठा बोकड’ म्हणताना पुढे ‘देन’ आलं की नामाचं टोक गळून जातं. नॉर्वेजियन दोन्ही ठेवते. नुसता बोकड असेल तर ‘बुक्केन’ पुरतं. मध्ये विशेषण आलं की पुढे ‘देन’ लागतो, विशेषणाला ‘ए’ लागतो आणि नामाचं टोकही तसंच राहतं. तीन ठिकाणी खूण. नपुंसकलिंगात ‘देन’च्या जागी ‘दे’ येतो आणि अनेकवचनात ‘दी’.

ही रचना पाठ्यपुस्तकात बरीच पुढे येते. कथेत ती तिन्ही नायकांच्या नावांतच बसलेली आहे: देन मिन्स्ते बुक्केन ब्रूसे, देन मेल्लोम्स्ते बुक्केन ब्रूसे, देन स्तूरे बुक्केन ब्रूसे. धाकटा, मधला, थोरला. तीनदा फक्त मधला शब्द बदलतो, बाकीचा सांगाडा तोच. एरवी अवघड वाटणारी रचना कथा संपेपर्यंत तोंडात बसते, आणि मी ही कथा निवडते त्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे.

एका विशेषणाकडे मात्र वेगळं लक्ष द्या. ‘लहान’ या अर्थाचा शब्द कमालीचा लहरी आहे. एन लीतेन बुक्क, आय लीता ब्रू, एत लीते त्रोल. निश्चित झाला की ‘देन लिल्ले बुक्केन’. अनेकवचनात तर मूळ शब्दाचा मागमूसच राहत नाही, ‘स्मो बुक्केर’ होतं. तुलना करताना मिन्द्रे आणि मिन्स्त. नियमाने हे शिकता येत नाही, ऐकून ऐकूनच बसतं. कथेत धाकटा बोकड राक्षसाला म्हणतो, ‘मी इतका लहान आहे’, तेव्हा ‘लीतेन’ येतं, आणि त्याचं नाव सांगताना ‘मिन्स्ते’. दोन्ही रूपं एकाच प्राण्याच्या तोंडी आहेत. ती दोन वाक्यं मोठ्याने म्हणा.

प्रश्न: ओस्लोत दोन वर्षं झाली. शब्द येतात, लोक समजून घेतात, पण मी ‘आज मी येतो’ म्हटलं की समोरचा हळूच वाक्य दुरुस्त करून परत म्हणतो. ‘ई दाग याय कोम्मेर’ यात नेमकं काय चुकतं?

उत्तर: क्रियापदाची जागा चुकते. नॉर्वेजियन प्रधानवाक्यात क्रियापद दुसऱ्या जागेवरच बसतं. पहिल्या जागी कर्ता येवो, ‘आज’ येवो, ‘पुलाखाली’ येवो, दुसरी जागा क्रियापदाचीच. पहिली जागा कर्त्याखेरीज दुसऱ्या कुणी घेतली की कर्त्याने मुकाट्याने क्रियापदाच्या मागे जायचं. म्हणून ‘ई दाग कोम्मेर याय’.

राक्षसाची धमकी हे याचं उत्तम उदाहरण आहे: ‘नो कोम्मेर याय ओ तार दाय!’ आता येतो मी आणि धरतो तुला! ‘आता’ पहिलं, ‘येतो’ दुसरं, ‘मी’ तिसरा. कथेची सुरुवातही बघा: ‘उन्नेर ब्रूआ बुद्दे एत स्तूर्त, फॅल्त त्रोल.’ पुलाखाली राहत होता एक मोठा, भयंकर राक्षस. ‘उन्नेर ब्रूआ’ हे दोन शब्द मिळून एक जागा घेतात, हे लक्षात ठेवा. जागा मोजायच्या त्या वाक्याच्या भागांच्या, शब्दांच्या नाहीत.

आता तुम्हीच बघा, ही दोन्ही मराठी वाक्यं कानाला परकी लागली का? आपलं क्रियापद एरवी शेवटी जातं, पण गोष्ट सांगताना आपणही ‘एक होता राजा’, ‘तिथे राहत होती एक म्हातारी’ असंच म्हणतो. माझ्या वर्गातल्या मराठी विद्यार्थ्यांना मी हेच सांगते: नॉर्वेजियन बोलताना गोष्ट सांगणाऱ्या माणसाच्या चालीत बोला. इंग्रजीच्या चालीने गेलात की ‘आज मी येतो’ हा क्रम तोंडात येतो आणि तिथेच गाडी अडते.

नकाराची जागाही याच्याशी जोडलेली आहे. प्रधानवाक्यात ‘इक्के’ क्रियापदानंतर येतो: याय कोम्मेर इक्के. ‘कारण’ किंवा ‘की’ने सुरू होणाऱ्या गौणवाक्यात तो क्रियापदाच्या आधी जातो: फोर्दी याय इक्के कोम्मेर. हा दुसरा भाग या कथेत नीटसा सापडत नाही, त्यासाठी दुसरा मजकूर घ्यावा लागेल. आधी पहिला भाग घट्ट करा.

क्रियापदाच्या बाबतीत एक दिलासा. मराठीत बोकड येतो, शेळी येते, कोकरू येतं. नॉर्वेजियनमध्ये मी, तू, तो, ते सगळ्यांना एकच ‘कोम्मेर’. काळ तेवढे शिकायचे. त्यातही कथेने काम सोपं केलं आहे. निवेदकाची वाक्यं भूतकाळात आहेत: वार, बुद्दे, कोम, सा, स्क्रेक. पात्रं बोलतात ती वर्तमानकाळात: आर, कोम्मेर, तार. एकाच पानावर ‘कोम्मेर’ आणि ‘कोम’ समोरासमोर येतात. वर्गात आम्ही दोन गट करतो, एक गट निवेदकाचं वाचतो, दुसरा पात्रांचं. काळ बदलला की आवाज बदलतो, आणि तो फरक डोक्यात राहतो.

प्रश्न: तुम्ही क्रियापद दुसरं म्हणता. पण थोरला बोकड शेवटी जे गाणं म्हणतो त्यात क्रम वेगळाच आहे. शिवाय त्यातले काही शब्द माझ्या शब्दसंग्रहात नाहीत.

उत्तर: बारकाईने वाचलंत, फार बरं वाटलं. थोरला म्हणतो, माझ्याकडे दोन भाले आहेत, आणि पुढे ‘मे देम स्काल याय दीने ओय्ने स्तिङे ऊत’, त्यांनी मी तुझे डोळे फोडीन. यात ‘त्यांनी’ पहिलं आणि ‘स्काल’ दुसरं, म्हणजे नियम पाळलेलाच आहे. बिघडलेली जागा शेवटची आहे. ‘स्प्यूत’, म्हणजे भाला, या शब्दाशी यमक जुळवायला ‘ऊत’ शेवटी हवा होता, म्हणून ‘तुझे डोळे’ मध्येच ओढले आहेत. गद्यात म्हणायचं तर ‘मे देम स्काल याय स्तिङे ऊत ओय्नेने दीने’. डोळे मागे गेले आणि ‘तुझे’ त्यांच्याही मागे गेलं.

हे ‘मागे गेलं’ महत्त्वाचं आहे. रोजच्या बोलण्यात ‘माझा पूल’ हा ‘ब्रूआ मी’ असा येतो, पूल आधी आणि माझा नंतर. राक्षस मात्र ‘मी ब्रू’ म्हणतो: ‘वेम आर दे सोम त्रिप्पेर पो मी ब्रू?’ माझ्या पुलावर टपटप करतंय ते कोण? ‘माझा’ पुढे आला की त्यावर जोर पडतो. पूल कुणाचा आहे ते राक्षसाला ठासून सांगायचं आहे. तुम्हाला तुमच्या गाडीविषयी सहज बोलायचं असेल तेव्हा ‘माझी’ मागेच ठेवा.

जुने शब्द वाचताना समजले की पुरे, बोलू नका. धाकटा ‘बी बारे लित’ म्हणतो, थोडं थांब. आज थांबण्यासाठी ‘वेन्ते’ वापरतात. तो ‘ता इक्के माय’ म्हणतो, मला धरू नकोस. आज कुणीही ‘इक्के ता माय’ असंच म्हणेल. ‘तिल सेतेर्स’ हा शब्दप्रयोग मात्र जिवंत आहे. सेतेर म्हणजे उन्हाळ्यात गाईशेळ्या घेऊन जाण्याचं डोंगरावरचं कुरण आणि तिथली झोपडी. त्याच्या शेवटी लागलेला ‘स’ ही जुन्या षष्ठी विभक्तीची उरलेली खूण. समुद्रावर, डोंगरात, जेवायच्या टेबलाशी जाताना ‘तिल’नंतर ती आजही तशीच येते.

आणि ‘याय स्काल तिल सेतेर्स’ हे वाक्य मनापासून पाठ करा. यात ‘जाणे’ हे क्रियापदच नाही, ‘स्काल’ आणि ‘तिल’ मिळून ते काम करतात. सेतेरच्या जागी ओस्लो घाला, की बसमध्ये, स्टेशनवर रोज वापरायचं वाक्य तयार.

प्रश्न: मी निवृत्त मराठी शिक्षक. मुलाकडे राहायला आलो आहे आणि हौसेने शिकतो आहे. ‘साय’ आणि ‘सी’ हे शब्द आपल्या ‘आपण’, ‘आपला’सारखे आहेत असं मला वाटतं. बरोबर आहे का?

उत्तर: सर, अर्ध्याहून जास्त बरोबर आहे, आणि हे मराठी माणसालाच पटकन दिसतं. ‘हान सित्तेर उन्नेर ब्रूआ सी’, तो आपल्या पुलाखाली बसतो. ‘हान सित्तेर उन्नेर ब्रूआ हान्स’, तो त्याच्या, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या, पुलाखाली बसतो. इंग्रजीत हा फरक दाखवायला सोयीचा शब्द नाही, आपल्याकडे आहे.

पण एका ठिकाणी सावध राहायला हवं. आपण ‘मी आपलं काम करतो’ असंही म्हणतो. नॉर्वेजियनमध्ये हे शब्द फक्त तृतीय पुरुषाचे आहेत. कथेतलीच दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा. निवेदक सांगतो, बोकड निघाले ‘योरे साय फेते’, स्वतःला लठ्ठ करायला. तेच धाकटा स्वतःच्या तोंडाने सांगतो तेव्हा ‘योरे माय फेत’. मराठीत दोन्हीकडे ‘स्वतःला’ चाललं असतं. तिथे ‘साय’चं ‘माय’ झालं, आणि बोकड तीनाचा एक झाला म्हणून विशेषणाचा ‘ए’ही गेला. सर्वनाम आणि विशेषण, दोन्ही कसे बदलतात ते एवढ्याशा जोडीत दिसतं. मी ही जोडी फळ्यावर लिहून ठेवते आणि तास संपेपर्यंत पुसत नाही.

प्रश्न: सरकारी भाषा परीक्षा द्यायची आहे. बोकडांची कथा वाचून ती पास होता येईल का?

उत्तर: नाही. परीक्षेत वाचन, ऐकणं, लेखन आणि बोलणं असे चार भाग असतात, आणि त्यांत घरभाडं, डॉक्टर, नोकरी, शाळा असे विषय येतात. कथलाची थाळी आणि दाताळ्याचा दांडा तिथे उपयोगी पडणार नाहीत. कथेने वाक्याचा सांगाडा मिळतो, शब्द रोजच्या व्यवहारातूनच घ्यावे लागतात. ट्रॉन्डहाइमच्या तंत्रविज्ञान विद्यापीठाचा नवशिक्यांसाठीचा मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम आहे, तो सोबत करा. शब्दांची रूपं बघायला बूकमोल आणि नीनोर्स्क (नॉर्वेजियनची दुसरी अधिकृत लेखनपद्धती) दोन्हींचे कोश इंटरनेटवर फुकट खुले आहेत.

प्रश्न: आमच्या गावातल्या शाळेत नीनोर्स्क शिकवतात. मुलगा ‘याय’च्या जागी ‘एग’ म्हणतो. कथा कुठल्या रूपात वाचू?

उत्तर: मुलाच्या शाळेच्या रूपात. नॉर्वे 1814 पर्यंत चारशेहून अधिक वर्षं डेन्मार्कशी जोडलेला होता आणि लेखनाची भाषा डॅनिशच होती. आस्ब्यर्नसेन आणि मू यांनी त्या डॅनिश लेखनातच नॉर्वेजियन शब्द आणि बोलण्याची लय आणली. पुढे 1907 आणि 1917च्या सुधारणांनी लेखन नॉर्वेतल्या बोलण्याच्या जवळ आलं, त्यातूनच आजचं बूकमोल झालं. नीनोर्स्कचा उगम वेगळा आहे. ईवार ओसेन यांनी गावोगाव फिरून बोली अभ्यासल्या आणि त्यांवरून ती उभी केली. 1885 पासून दोन्ही रूपांना सरकारी दर्जा समान आहे.

नीनोर्स्कमध्ये राक्षस विचारतो, ‘क्वेन आर दे सोम त्रिप्पार पो ब्रूआ मी?’ ‘वेम’चं ‘क्वेन’ झालं, क्रियापदाला ‘आर’ लागलं. बोकड ‘बुक्कार’ आणि ‘बुक्काने’ होतात, ‘इक्के’चं ‘इक्ये’ होतं. क्रियापदाची दुसरी जागा आणि नामाचं टोक जिथल्या तिथे आहेत. मुलाला मोठ्याने वाचायला सांगा आणि तुम्ही बोट ठेवून पाठोपाठ म्हणा.

प्रश्न: ही कथा आता न अडखळता सांगता येते. पुढची कुठली घेऊ?

उत्तर: ‘पान्नेकाका’, तव्यावरून उडी मारून पळालेल्या धिरड्याची कथा. ते गडगडत जातं, वाटेत कोंबडी, कोंबडा, बदक असे एकेक भेटतात, आणि ते प्रत्येकाला आधी कुणाकुणाच्या हातून निसटलं त्याची यादी ऐकवतं. शेवटी डुक्कर त्याला गट्ट करतं. यादी दर वेळी एकाने वाढत जाते, त्यामुळे नामांची रूपं आपोआप घोटली जातात. ‘पान्नेकाका’ स्त्रीलिंगी आहे, म्हणजे पुलावर शिकलेला ‘आ’ इथे पानोपानी भेटेल. आस्केलाद्देन या धाकट्या मुलाच्या कथा त्यानंतर घ्या, त्यांतली वाक्यं लांब आहेत आणि गौणवाक्यंही भरपूर. ‘इक्के’ क्रियापदाच्या आधी कधी जातो ते तिथे शिकता येईल. तोवर पेन्सिली जपून ठेवा, त्या कथांनाही लागतील.